मॅचिंग

जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत
एकोणीस वर्षं उभी आहे मी.
मागे ब्लाउजपिसांचे गठ्ठे, पुढे काउंटर,
मध्ये दीड फूट जागा.
स्टूल आहे एक. त्यावर अस्तराची थप्पी बसते.

निळे मला तोंडपाठ :
मोरपंखी, फिरोजी, शाई, नेव्ही, नीळ.
म्हणून डाव्या पोटरीवर शीर उगवली तेव्हा
रंग लगेच ओळखला.
गोकर्ण. दोन धुण्यांनंतरचा.

सूज नंतर आली, नवरात्रात.
नऊ दिवस नऊ रंग, दुकानात पाय ठेवायला जागा नाही,
मला वाटलं, उभं राहून राहून.
सातच्या सुमाराला पैंजण रुतायचे,
घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडायचा
आणि तो भरायच्या आत मी म्हणायची,
दाखवते ना ताई, अजून एक शेड आहे.

छेडाशेठ म्हणाले, मीठ कमी कर.
नफीसा म्हणाली, उशी घे पायाखाली.
जाऊबाई म्हणाल्या, किडनी बघून घे,
आमच्या बिल्डिंगमध्ये एकीला अस्संच झालं होतं.
नवरा काही बोलला नाही,
बादलीत कोमट पाणी आणून ठेवलं.
त्या किडनीसाठी मी दिवाळीभर रडले,
गठ्ठ्यांकडे तोंड करून.

घोडबंदर रोडचा दवाखाना सगळा काचेचा.
तिथल्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच शीर पाहिली.
व्हेरिकोज. लेझर. दोन्ही पाय.
पॅकेज आहे, हप्ते पाडून देऊ.
ट्यूबलाइटखाली लांबून बोट दाखवून
हाच द्या म्हणणारी गिऱ्हाइकं असतात,
आणि दुसऱ्या दिवशी बदलून मागतात.
पाय कुठून बदलून मागायचा?

कोपरीच्या तांडेल डॉक्टरीणबाईंनी
मला झोपवलं नाही. उभंच केलं.
म्हणाल्या, शीर उभ्या माणसाचीच बघायची.
गार जेली. पोटरी दाबली, सोडली.
मशीनमधून वाऱ्यासारखा आवाज वर गेला
आणि डाव्या पायात तसाच खाली आला.
इथली झडप मिटत नाही, त्या म्हणाल्या,
रक्त परत घसरतंय.
पडद्यावर लाल आणि निळा.
मी म्हटलं, हा निळा आमच्याकडे नाही.
त्या हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या,
पण उजवा पाय बघा. सगळ्या झडपा चोख.
मग सूज दोन्हीकडे सारखी का?

लघवी तपासली, हृदय तपासलं.
मग म्हणाल्या, गोळ्या कुठल्या घेता?
मी पिशवी उलटी केली.
बीपीची एक त्यांनी उचलली,
खिडकीशी नेली, पाकिटावरचं बारीक वाचलं.
ही कधीपासून?
जुनीच आहे. पाचची होती,
गणपती गेल्यावर दहाची केली.
आणि पैंजण कधी रुतले?

मी बोटांवर मोजायला लागले
आणि मधल्या बोटाशी थांबले.

मनानं बंद करायची नाही, त्यांनी बजावलं.
ज्यांनी दिली त्यांच्या नावानं चिठ्ठी लिहिली,
चार ओळी, अक्षर वाचता येईल असं.
त्यांनी गोळी बदलली.
तीन आठवड्यांनी आंघोळीला बसले
तर घोट्याचं हाड हाताला लागलं.
कितीतरी वेळ साबण तिथंच फिरवत राहिले.

शीर आहे अजून. गोकर्णच.
संध्याकाळी ठणकते, तिचं तिचं.
तिच्यासाठी घट्ट मोजा दिलाय, स्किन कलरचा.
कुणाच्या स्किनचा, देव जाणे.
माझ्याशी तर तीन शेड चुकलाय.

काचेच्या दवाखान्यातून फोन येतो अधूनमधून,
मॅडम, ऑफर संपतेय.
मी म्हणते, थांबा हं,
दारात उजेडात गिऱ्हाईक उभं आहे.

आणि हो, अस्तर खाली उतरवलंय.
शेठ स्टुलाकडे बघतात, माझ्याकडे बघतात.
बघू देत.